मागच्या दारानं दिलेला पाव

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
गुरुवार, १२ जून २०२५

चि. शिवलीला हिस अव्वाचे अनेक आशीर्वाद.

तू धारवाडला मावशीकडं सुखरूप पोचलीस हे अप्पांच्या मोबाईलवर कळलं. "पोचले" एवढा एकच शब्द होता. मावशीला माझा नमस्कार सांग. तिच्या हाताखाली कामाला लाग, पाहुण्यासारखी बसून राहू नकोस. तिच्याकडं दूध मोजकंच येतं, तिसरा चहा मागू नकोस.

इकडं सगळं ठीक. कैरीचं लोणचं घातलं. यंदा तेल भडकलंय म्हणून लहान बरणीच भरली. शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे, धारवाडकडं जाणारं कुणी मिळालं तर पाठवीन, कुरियरवाला चटणीपेक्षा जास्त घेतो. अप्पांचा गुडघा आहे तसाच. चाटी गल्लीतल्या दुकानात मालकांनी नवीन पंखा बसवला, पण वारा सगळा गल्ल्याकडं जातो, कापड दाखवणाऱ्यांना नुसता आवाज, असं सांगत होते. शेजारची नागव्वा रोज विचारते, "लेक कुठं गेली गं?" मी सांगते, मावशीला बरं नाही म्हणून गेली. हे मावशीला सांगू नकोस.

तू माझा फोन घेत नाहीस. अप्पांच्या मोबाईलवर लिहावं तर ते वाचणार. म्हणून पत्र.

आता मुख्य काम. मुलाच्या वडिलांचा, मल्लप्पांचा, अक्कलकोटहून निरोप आला, मुलगी पसंत आहे. आषाढ लागायच्या आत साखरपुडा उरकून घेऊ म्हणतात, बावीस तारखेचा रविवार धरलाय. शिवलीला, असं स्थळ आपल्यासारख्याच्या दाराशी रोज येत नाही. धान्याची चांगली चालती आडत, मुलगा गुरु एकुलता एक. पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही म्हणे. सासू दाक्षायणीबाई तर बोलायला इतक्या मोकळ्या की मला माझीच लाज वाटली.

ते बघायला आले त्या रविवारचं मनावर घेऊ नकोस. मल्लप्पांनी एवढंच विचारलं, "बी.कॉम.ला टॅली होतं का, बाळ?" त्यावर तू सरळ सांगून मोकळी झालीस की मी बी.कॉम. नाही, बी.ए. आहे, इंग्रजी साहित्य घेऊन. बायोडाटात मी काय लिहवून घेतलंय हे तुला ठाऊक नव्हतं. तुला आधी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागल्यावर काहीतरी बोलावं लागतं की माणसाला. बोलले ते बोलले. पाहुण्यांनी तर ते हसण्यावारी नेलं.

बी.कॉम. का सांगितलं तेही ऐक. तुझी चुलत बहीण सी.ए. करायलीय, तिच्या आईला कुणी विचारत नाही, याचं पुढं काय. मला तीन वर्षं विचारतात. जंगमांच्या जेवणात विचारतात, भाजीच्या गाड्यावर विचारतात. "इंग्लिश म्हणजे ते फाडफाड बोलायचं का?" "मग बँकेत लागेल का?" "गोष्टी वाचायला कॉलेज कशाला लागतंय?" मी मॅट्रिक झालेली बाई. घरखर्चाचा हिशेब मला कुणीही विचारावा, मी पैशापैशाचा देईन. याचा देता येत नाही. मी नुसतं हसते आणि कोथिंबीर निवडते.

एक मार्ग सुचलाय. नव्या पेठेत टॅलीचा क्लास आहे. तू येऊन नाव घाल, लग्नापर्यंत होऊन जाईल. म्हणजे आपण सांगितलेलं निम्मं तरी खरं ठरेल. राहिलेलं लग्नानंतर हळूच सांगू. तेव्हा कोण सर्टिफिकेट बघायला बसतंय?

रागावू नकोस. बावीसच्या आधी ये.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना ओट्याजवळचं तुझं स्टूल रिकामं असतं. त्यावर मी आता पिठाचा डबा ठेवते. तुझ्या गोष्टीतली ती विलायतेतली बाई मात्र डोक्यात तशीच अडकून राहिलीय, मागच्या दारात पाव घेऊन. असो. ते काही महत्त्वाचं नाही.

तुझी,
अव्वा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
मंगळवार, १७ जून २०२५

चि. शिवलीला हिस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचा आता कंटाळा आलाय.

काल सोमवार. नागव्वाला घेऊन सिद्धेश्वराच्या देवळात गेले. दर्शन झालं, आणि बघते तर तळ्याकडच्या कट्ट्यावर दाक्षायणीबाई बसलेल्या. अक्कलकोटहून सोमवारच्या दर्शनाला आल्या होत्या. "या की विहीणबाई" म्हणाल्या. अजून साखरपुडा नाही, आणि विहीणबाई. बसलो तिघी.

नागव्वा तिचं नेहमीचं लावून बसली. भावाच्या घरी वास्तुशांत झाली, हिला आमंत्रण नाही. "गरिबाची बहीण कुणाला पाहिजे? त्याच्या पाहुण्यांत मी शोभते का?" रडायलाच लागली. तिला काय सांगावं ते मला सुचेना. आणि माझ्याच तोंडातून निघालं, "नागव्वा, एक बाई होती बघ..."

मी तुझी गोष्ट सांगितली. तू ओट्याजवळ बसून सांगायचीस तश्शी. समुद्राकाठचं गाव, तिथली विधवा बाई, बटणं-फितींचं दुकान, इभ्रतीला लई जपणारी. तिचा भाऊ धंद्यात बुडून त्याच गावातल्या सरकारी गरीबखान्यात दिवस काढतोय, आणि ही गावभर सांगते, भाऊ जहाजावर आहे, लांब. मग एक दिवस पाद्र्याची बायको हिच्याकडं चहाला येते आणि नेमका तो भाऊ येऊन दार वाजवतो. ही खिडकीतून बघते. "कुणी भिकारी आहे" म्हणते. मागच्या दारानं जाऊन त्याच्या हातात पाव ठेवते आणि दार लावून घेते. तो बहिणीकडं बघतो, पाव घेतो आणि निघून जातो.

नागव्वाचं रडणं थांबलेलं. "कुठली म्हणायची ही?"

"विलायतेतली."

"तिथं पण असंच हाय?"

"माणसंच की तिथं पण."

नागव्वानं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "पण पाव दिला की तिनं. उपाशी तर नाही धाडलं."

त्यावर दाक्षायणीबाई एकदम तावातावानं बोलल्या, "काय करायचाय तो पाव? 'माझा भाऊ आहे' एवढं म्हणाली असती तर नुसत्या पाण्यावर भागलं असतं त्याचं!"

नागव्वा म्हणाली, "म्हणायला काय होतंय, दाक्षायणीबाई? समोर पाद्रीण बसलेली. उद्या दुकानात कोण येणार?"

"मग दुकानालाच भाऊ म्हण म्हणावं तिला!"

अगं, दोघींची जुंपली. जणू ती बाई इथं बाळीवेशीत राहते आणि दोघींनी तिच्याकडून बटणं घेतलीयेत. शेजारी बसलेली अनोळखी बाई सरकत सरकत जवळ आली आणि मधेच म्हणाली, "तिनं लहानपणी त्याला सांभाळलेलं असणार बघा, म्हणून जास्त लाज." तू मला हेच विचारायचीस ना? अव्वा, ती अशी का वागली असेल? तुला काय वाटतं? मी भाकरी परतत म्हणायचे, मेली दुष्ट, दुसरं काय. तू म्हणायचीस, "दुष्ट म्हटलं की विषय संपतो अव्वा, अजून बघ."

मग दाक्षायणीबाईंनी विचारलं, "पुढं काय झालं? गेली का ती त्याच्या मागं?"

मला ठाऊक नव्हतं. तू तिथवरच आली होतीस आणि पाहुण्यांची गडबड सुरू झाली.

"आणि एवढी सुंदर गोष्ट तुम्हाला सांगितली कुणी?"

शिवलीला, यावेळी समोर मल्लप्पा नव्हते, बायोडाटा नव्हता. कुणी तुझी डिग्री विचारत नव्हतं. बाई कौतुकानं विचारत होती. माझी लेक कॉलेजात शिकली ती, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "टीव्हीवर लागली होती."

जीभ इतकी सरावलीय.

"कुठल्या चॅनेलवर?" म्हणाल्या. आठवत नाही म्हटलं. संध्याकाळी वाती वळायला बसले तर त्यांचा फोन. "सगळी चॅनेलं फिरवून बघितली, लागत नाही हो. किती वाजता असते?" आज सकाळी परत फोन. "आमचे हे म्हणायले, काय खुळ्यासारखं बटणं दाबत बसलीयेस. पण मला रात्रभर तो माणूस दिसत होता, पाव घेऊन जाताना." मी लाईट गेली म्हणून फोन ठेवला. पंखा डोक्यावर फिरत होता.

पूजेला बसले. तळहातावर इष्टलिंग घेतलं की माझी नजर कधी हलत नाही, तुला ठाऊक आहे. आज स्थिर होईना. तुझं तोंडच समोर यायचं, त्या रविवारचं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, बोलले ते बोलले. काय बोलले ते लिहिलं नाही. आता लिहिते. तू खरं सांगितलंस आणि मी म्हणाले, "चेष्टा करतीय ती. लई चेष्टेखोर आहे." सगळे हसले. मल्लप्पा म्हणाले, "दुकानात अशीच पाहिजे, गिऱ्हाईक टिकतंय." गुरु हसला, अप्पा हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. तू कप गोळा करून आत गेलीस. तुझ्या तीन वर्षांची मी चेष्टा केली, आणि तुझ्याच देखत.

दुसऱ्या सकाळी तू भांडली असतीस तर मी जिंकले असते. तू नुसतं विचारलंस, "अव्वा, तुला कशाची भीती वाटली?" मी म्हणाले, भाकरी करपायलीय, बाजूला हो. तव्यावर काही नव्हतं.

आता सांगते. भीती ही की ते विचारतील, साहित्य शिकून काय होतं? आणि मी काय सांगणार? की माझी लेक संध्याकाळी स्टुलावर बसून बोलते आणि भाकऱ्यांची चवड कधी होते मला कळत नाही? की या घरात मला आजवर सगळ्यांनी विचारलं, काय केलंस, किती लागले, कुठं ठेवलंस? "तुला काय वाटतं" हे पहिल्यांदा तू विचारलंस, तेही एका परक्या बाईबद्दल. हे आडतवाल्यासमोर कसं सांगायचं? मला त्या गोष्टींची वाट बघायची सवय लागली होती. पूजापाठ करणारी, लग्नाच्या लेकीची आई झालेली बाई मी, आणि दुपारपासून मनात विलायतेतली विधवा. त्याचीच लाज वाटायची मला. आणि तुझीही वाटली. ते झाकत नाही.

नागव्वा म्हणाली, पाव दिला की तिनं. मी तुला टॅलीच्या क्लासला घालायला निघाले होते.

दाक्षायणीबाईंना सांगायला पाहिजे. तोंडानं जमणार नाही, तोंड माझं मला ठाऊक झालंय. लिहीन. अप्पांना अजून बोलले नाही.

अव्वा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
बुधवार, १८ जून २०२५

सौ. दाक्षायणीबाई यांस हेमावतीचे शरणु शरणार्थी.

आपण व घरची मंडळी खुशाल असाल. पत्र बघून नवल वाटेल. फोन केला असता तर मी पुन्हा वेगळंच बोलले असते, म्हणून लिहिते.

आपण टीव्हीवर शोधता ती गोष्ट टीव्हीवर नाही. ती माझी मुलगी शिवलीला हिनं मला सांगितली. तिला ती कॉलेजात अभ्यासाला होती. ती बी.कॉम. नाही. बी.ए. आहे, इंग्रजी साहित्य घेऊन, पहिल्या वर्गात पास. बायोडाटात खोटं मी लिहवलं. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या ह्यांना ठाऊक होतं, पण लिहवलं मीच.

आपल्यासमोर तिनं खरं सांगितलं, तेव्हा ती चेष्टा करत नव्हती. मी तिला खोटं पाडलं. आपण माझ्या शब्दावर हसलात, त्यात आपला दोष नाही.

तिला टॅली येत नाही. दुकानाची वही ती शिकेल की नाही, मला सांगता येत नाही. तिला काय येतं ते मला नीट मांडता येत नाही, पण सोमवारी कट्ट्यावर आपण आणि नागव्वा त्या बाईवरून भांडलात, आणि रात्री आपल्याला झोप लागली नाही, ते तिच्यामुळं. एवढंच मला दाखवता येतं.

आता बावीस तारखेचं आपण ठरवाल ते. मल्लप्पांना हे पत्र दाखवावं. आपण विहीणबाई म्हणालात, तो शब्द मी घेतला, त्याची क्षमा असावी.

गोष्टीचा शेवट मला ठाऊक नाही.

आपली,
हेमावती,
शिवलीला, बी.ए. हिची आई

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
मंगळवार, २४ जून २०२५

चि. शिवलीला,

साखरपुडा झाला नाही. होणारही नाही. मल्लप्पांचा अप्पांना दुकानात फोन आला, गिऱ्हाईक समोर असताना. म्हणाले, "आम्हाला वही सांभाळणारी मुलगी पाहिजे होती, आणि खोटं बोलणारं घर नको." त्यातलं दुसरं खरंच आहे.

अप्पा चार घास खाऊन उठतात. पहिल्या दिवशी एवढंच बोलले, "देवानं तोंड दिलंय म्हणून खरं बोलायलाच पाहिजे का?" मी म्हटलं, "व्हय." तेव्हापासून आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. तुझ्यावर त्यांचा राग नाही. काल स्टुलावरचा पिठाचा डबा त्यांनीच उचलून खाली ठेवला, मला काही न सांगता.

नागव्वालाही सगळं सांगितलं, मावशीचं दुखणं धरून. ती म्हणाली, "तरीच. म्हटलं टीव्हीवाले इतकं चांगलं कधीपासून दाखवायलेत?" आणि मग म्हणाली, "होगली बिडु, जाऊ दे." पण दुपारपर्यंत गल्लीला कळलं होतं. पाणी भरायला गेले की बायका बोलायच्या थांबतात. लाजेनं मान वर होत नाही बघ. होईल हळूहळू.

काल संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. दाक्षायणीबाई. इतक्या हळू बोलत होत्या की मला वाटलं फोन बिघडला. कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "आमच्या ह्यांनी फोन करायचा नाही म्हणून सांगितलंय, शेजारणीचा घेतलाय." मला वाटलं, आता ऐकायला मिळणार.

"दोन गोष्टी," म्हणाल्या. "एक, शेवट कळला तर मला कळवा."

मला हसावं की रडावं कळेना.

"आणि मुलीला सांगा, त्या दिवशी ती बोलली तेव्हा तिचं तोंड मी बघितलं होतं. चेष्टा करणाऱ्याचं तोंड तसं नसतं. मला कळलं होतं. तरी हसले, सगळे हसले म्हणून." एवढं बोलून फोन ठेवला.

निरोप तुझा होता, तुला पोचवला.

मावशी सांगते, तू तिथं एम.ए.चा फॉर्म आणून ठेवलायस आणि भरत नाहीस. भर. मी या महिन्याच्या वहीत तुझ्या फीचा रकाना घातला नव्हता. परवा पट्टी घेऊन आखला. अप्पांनी बघितलं, पुसला नाही.

याचा उपयोग काय, हे कुणी विचारलं तर मी अजून अडखळीनच. तुझ्यासारखं मला बोलता येणार नाही. पण तू काय शिकलीस एवढं तरी नीट सांगता यावं म्हणून स्वयंपाकघरात म्हणून बघते. बी.ए., इंग्रजी साहित्य. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. आता फुटतो.

शेवट पत्रात लिहू नकोस. समोर बसून सांग. ती गेली का त्याच्या मागं, आणि गेली असली तर त्यानं वळून बघितलं का. न बघितलं तरी मला समजेल. होऊन गेलेलं मी बदलून मागत नाही.

येशील तेव्हा गल्लीच्या तोंडांना चुकवून मागच्या बोळातून येऊ नकोस. पुढच्या दारानं ये, दिवसाउजेडी. नागव्वा पायरीवर असेल, तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी असतील, आणि त्या विचारतील, लेक काय शिकलीय. तू काही बोलू नकोस. मी दारात उभी असेन, मी सांगेन.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझी अव्वा